पाढे येतात, उदाहरण सुटत नाही

भेस्तानच्या माझ्या दवाखान्यात येणारी बहुतेक कुटुंबे खानदेशातली. त्यांतील एक मुलगा जन्मतः एचआयव्हीबाधित; आईवडील गेलेले, आजी औषधे चुकवू देत नसे. मी दर भेटीत वजन पाहत असे, सीडी-४ चा अहवाल पाहत असे आणि ‘आजी, नातू उत्तम आहे’ असे सांगून मोकळा होत असे. तो नववीत नापास झाला तेव्हा आजी म्हणाली, “साहेब, पोरगं मठ्ठ नाही हो. पाढे आजही घडाघडा म्हणतं. पण लेखी गणित पुढं ठेवलं की गोंधळतं.”

निदान माझ्याआधी तिने केले होते. इतक्या वर्षांत मी त्याला एक उदाहरणही घातले नव्हते.

हा विषाणू संसर्गानंतर लवकरच मेंदूत पोहोचतो. चेतापेशींना तो सहसा थेट बाधित करीत नाही. मायक्रोग्लियात ठाण मांडतो आणि त्यातून उद्भवणारा दाह चेतापेशींची हानी करतो. प्रौढाचा मेंदू घडलेला असतो, बालकाचा घडत असतो. त्यामुळे पाठांतर शाबूत राहून विचाराची गती, एकाग्रता व नियोजन मागे पडू शकते. वर्ग वाढतो तशी ही तूट उघडी पडते.

१ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत एआरटी सुरू केली आणि मुले जगू लागली. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ अभ्यासात (२००८) तान्ह्या बाळांना तत्काळ उपचार दिल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. पुढे त्यांचा विकासही सरस आढळला. थायलंड-कंबोडियातील ‘प्रेडिक्ट’ अभ्यासात मात्र वर्षापुढील मुलांना उपचार लवकर दिले काय, थांबून दिले काय, बुद्धिमापनात फरक पडला नाही. दोन्ही गट अबाधित मुलांच्या मागेच राहिले. पहिल्या वर्षात निसटलेले पुढे पुरते भरून येत नाही, असाच अर्थ मी घेतो.

सारा दोष विषाणूचा नव्हे. पंडुरोग, कुपोषण, पोरकेपण, बुडालेली शाळा, हेही आहेच. कारणे वेगळी काढणे कठीण. पण वर्षातून एकदा प्रगतिपुस्तक मागणे, चार अंक उलटे म्हणवून घेणे, शंका आल्यास मानसशास्त्रज्ञाकडे पाठविणे यात कठीण ते काय? शाळेला रोगाचे नाव सांगण्याचीही गरज नाही. गोपनीयतेला २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. सीडी-४ इतकीच ही नोंदही केसपेपरवर हवी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तो मुलगा आता लूमवर कामाला जातो. रक्तात विषाणू सापडत नाही. गोळीची वेळ मात्र आजीच लक्षात ठेवते. तिचे वय ७८ आहे.