समाजसेवेला कसली आलीय डिग्री?

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या जाऊबाई घरी आल्या त्या घुश्श्यातच. त्यांची धाकटी बी.ए. झाली. आता ती बी.एड. करील, नाहीतर स्पर्धा परीक्षा देईल, अशी घरात सगळ्यांची समजूत. तर ती म्हणते, मला सामाजिक संस्थांचं व्यवस्थापन शिकायचंय! "तू अठरा वर्षं संस्था चालवतेस, तू कुठे गेली होतीस गं शिकायला? समाजसेवेला कसली आलीय डिग्री?" जाऊबाईंनी तोफ माझ्यावरच डागली. मी चहाच्या निमित्ताने आत पळाले. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती.

ते आज इथे सांगते. आमची संस्था तालुक्याच्या गावातली. एक पाळणाघर, दोन वस्त्यांमध्ये मुलांच्या अभ्यासिका आणि शनिवारी कौटुंबिक सल्ला केंद्र, एवढाच पसारा. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं आली, काम पाहिलं, मुलांशी बोलली. अभ्यासिका आणखी चार वस्त्यांत सुरू करा, खर्च आम्ही देतो, म्हणाली. आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिलो होतो. मग कागदपत्रांची यादी आली. आमच्या खजिनदारबाई वारल्या त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांच्या जागी नवीन नाव लावण्याचा चेंज रिपोर्ट कायद्याने नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो आम्ही दिलेलाच नव्हता. शेड्यूल वनवर अजून त्याच दिवंगत बाई खजिनदार! प्राप्तिकराच्या १२-ए आणि ८०-जीची नव्याने करायची नोंदणीही तशीच पडलेली. "मार्चच्या आत कागद आले तर बघू," असं कंपनीच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या. कागद आले नाहीत, पैसे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. संस्थेची सचिव मीच. प्रोसिडिंग बुक मीच लिहायची.

आमच्यासारख्या किती संस्थांचं असं होत असेल! कारण गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्राची जमीनच बदलली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणं त्यामुळे आलं. हेच ते सीएसआर. हा पैसा सर्वांत जास्त येतो तो आपल्या महाराष्ट्रातच. पण तो मिळवायचा तर संस्थेकडे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा आणि २०२१ पासून सीएसआर-१ या फॉर्मने केंद्र सरकारकडे नोंदणी हवी. त्याच वर्षापासून जुन्या संस्थांनाही १२-ए, ८०-जी पुन्हा करून घ्यावं लागलं. एकदा केलं की जन्माचं झालं, असं आता राहिलं नाही, ती नोंदणी मुदतीची झाली. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये बदलला. मोठ्या संस्था आपल्या देणगीतून छोट्या संस्थांना वाटा द्यायच्या, ती वाट बंद झाली. त्या देणगीतून कार्यालयीन खर्चाला आधी ५० टक्क्यांपर्यंत मुभा होती, ती २० वर आली.

सरकारने हिशेब मागू नये, असं मी म्हणणार नाही. या क्षेत्रात लबाडही आहेत, ते तुम्ही-आम्ही पाहतोच. पण झालं असं, की ज्यांच्याकडे शिकलेली माणसं त्यांच्याकडे पैसा, आणि ज्यांच्याकडे नुसती तळमळ त्यांच्याकडे पत्र: "आपला प्रस्ताव विचारात घेता आला नाही."

म्हणून पुतणी म्हणते त्यात मला तथ्य दिसतं. शिक्षणाच्या सोयीही आहेत, आणि काही तर चांगल्या जुन्या. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मधली. तुळजापूरला तिचं ग्रामीण केंद्र आहे, म्हणजे आपल्या मुलींना एसटीने गाठता येईल असं. तिथल्या एम.ए.साठी आता सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे. गुजरातेत आणंदला वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या संस्थांना शिकलेले व्यवस्थापक मिळावेत म्हणूनच. २०२५ मध्ये तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. घर सोडता येत नसेल त्यांना इग्नूचं एम.एस.डब्ल्यू. घरबसल्या करता येतं. अंदाजपत्रक, प्रस्ताव, माणसं नेमणं-सांभाळणं, झालेल्या कामाचं मोजमाप, कायदे, हे सगळं तिथे शिकवतात. आम्ही ते ठेचा खात शिकलो, आणि ठेच लागली ती वस्तीतल्या पोरांना.

आणि बायकांनी पैसे उभे करणं हे काही आजचं खूळ नव्हे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले गावोगाव व्याख्यानं देत वर्गणी गोळा करायच्या. केशवपन झालेली विधवा स्त्री त्या काळात सभेत उभी राहून पैसे मागते! पुढे १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या आणि आश्रमासाठी निधी घेऊन परतल्या. त्यांना कोणी फंडरेझर म्हटलं नाही एवढंच.

सगळं शिक्षण कॉलेजातच मिळतं असंही नाही. माविमची लोकसंचालित साधन केंद्रं पाहा. बचत गटातल्याच बायका तिथे कार्यकारिणीवर असतात. व्यवस्थापक, लेखापाल, सहयोगिनी नेमायच्या, त्यांच्या कामाचा आढावा घ्यायचा, ऑडिट करून घ्यायचं, हे त्या करतात. यातल्या कित्येकींनी पहिली सही गटाच्याच रजिस्टरवर केली असेल.

डिग्रीवाल्यांचं माझं नेहमीच जमतं असं नाही हं. एकदा एक पाहणी करणारा तरुण लॅपटॉप घेऊन आला आणि सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांचे "आउटपुट" विचारू लागला. मार खाऊन आलेली बाई तीन शनिवार नुसती येऊन बसते आणि चौथ्या शनिवारी बोलते. त्याच्या तक्त्यात पहिल्या तीन शनिवारांना रकानाच नव्हता. पण त्याच मुलाने जाता जाता विचारलं, "मॅडम, इथल्या ताईंना पगार किती?" आणि मी गप्प झाले.

अभ्यासिकेच्या ताईंना आम्ही महिना अडीच हजार देतो. त्याला आम्ही मानधन म्हणतो. सेवा म्हटली की पैसे विचारायचे नाहीत, हे आम्हा घरी नवऱ्याचा पगार येणाऱ्या बायकांनी ठरवलं आणि जिला त्यावर चूल पेटवायची तिच्यावर लादलं. देणगीदारही म्हणतात, सगळा पैसा मुलांवर खर्च करा. अहो, पण मुलांना शिकवणार कोण? जाऊबाईंच्या रागाचं मूळही इथेच होतं. चहा पिताना त्या हळूच म्हणाल्या, "शिकेल ती, फीही भरू गं. पण पुढे खायचं काय? तुझ्यासारखीच्या संस्थेत अडीच हजारांवर?"

चेंज रिपोर्ट आम्ही मागच्या वर्षी दाखल केला, तारखा चालू आहेत. पुतणी तुळजापूरच्या परीक्षेची तयारी करतेय. येत्या शनिवारी आमच्या कार्यकारिणीची बैठक आहे. ताईंच्या मानधनाचा विषय शेवटी ठेवला की चहा येतो आणि वेळ संपते, असं दोनदा झालं. या वेळी अजेंडा लिहिताना तो मी एक नंबरला घातलाय. अध्यक्षबाईंचा फोन अजून आलेला नाही.