लेपाआधीचा कागद

कागदावर बॅरियर कोटिंग चढविणाऱ्या कारखान्यात माल नापास झाला म्हणजे पहिली फिर्याद रसायनावर दाखल होते, हा आपल्या धंद्याचा शिरस्ताच झाला आहे. तेल झिरपले, की डिस्पर्शनचा दर्जा घसरला म्हणावयाचे. पुरवठादाराने दुसरा नमुना पाठवावयाचा. तोही उतरला नाही, की चौरस मीटरमागे दोन ग्रॅम लेप वाढवावयाचा. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर अधिक महागड्या रसायनाची चौकशी सुरू करावयाची. या साऱ्या कज्जात, ज्याच्या पाठीवर हा लेप बसावयाचा, त्या कागदाची साक्ष मात्र क्वचितच कोणी काढतो. आमचे स्पष्ट मत असे, की या फिर्यादींपैकी बहुतेकींचा निवाडा कागदाच्या पृष्ठभागाविरुद्ध, किंबहुना तो न तपासता रीळ यंत्रावर चढविणाऱ्या आपणांविरुद्धच, व्हावयास हवा.

ही गाफिली इतकी वर्षे खपून गेली, याचे कारण आपली जुनी साधने उदार होती. वितळलेल्या पॉलिएथिलीनचा पंधरा-वीस ग्रॅमांचा पडदा तीनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेने कागदावर येऊन पडतो, तेव्हा खालचे खाचखळगे त्याच्या जाडीपुढे नगण्य ठरतात. तो त्यांच्यावरून सरळ पूल बांधून जातो. फ्लोरोयुक्त रसायनांची उदारता निराळ्या जातीची होती. सलग पापुद्रा धरणे हे त्यांचे कामच नव्हते. ती प्रत्येक तंतूची पृष्ठऊर्जा इतकी खाली आणीत, की तेलाला तो तंतू भिजविताच येऊ नये, आणि त्यामुळे ज्या कागदातून वारा आरपार जातो त्या कागदावरही तेलाचा थेंब वरच्यावर उभा राही. हे दोन्ही आश्रयदाते आता आपल्याला सोडून चालले आहेत. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाशी संपर्क येणाऱ्या कागदात फ्लोरोयुक्त द्रव्यांच्या वापरास मज्जाव केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेलरोधक म्हणून होणारी त्यांची तेथील विक्री थांबल्याचे जाहीर केले. युरोपीय संघाच्या वेष्टनविषयक नव्या नियमावलीने त्यांच्यावरील मर्यादांच्या अंमलासाठी ऑगस्ट २०२६ ची मुदत घातली. प्लॅस्टिकच्या अस्तराची कथा आपल्याला घरचीच आहे: महाराष्ट्र शासनाची प्लॅस्टिक व थर्माकोलविषयक अधिसूचना मार्च २०१८ ची, आणि २०२२ च्या जुलैतील फेरफाराने तिचा हात प्लॅस्टिकचे अस्तर दिलेल्या कागदी ताटल्या-पेल्यांपर्यंतही पोहोचला. त्यांच्या जागी जे पाण्यातील लेप येत आहेत, म्हणजे स्टायरीन-अॅक्रिलिकची डिस्पर्शने, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि स्टार्चची नानाविध मिश्रणे, त्यांचे सारे सामर्थ्य एका पातळ, सलग, अखंड पापुद्र्यात साठविलेले असते. आणि पापुद्रा अखंड राहील की नाही, हे ठरविणारा कागद आहे.

हिशेब साधा आहे, पण तो कागदावर मांडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. घन सेंटिमीटरला सुमारे एक ग्रॅम घनतेचे द्रव्य चौरस मीटरवर पाच ग्रॅम बसविले, तर सुकल्यावर त्याची जाडी सरासरी पाच मायक्रॉन भरते. आता साध्या, न घोटलेल्या क्राफ्टचा खडबडीतपणा पार्कर उपकरणावर सहा-सात मायक्रॉन सहज येतो, आणि तंतूची रुंदीच वीस-तीस मायक्रॉनांची असते. ओला लेप पाण्याच्या स्वभावाने सखल भागाकडे धावतो, खळगे भरतो आणि उंचवट्यावरील तंतूंचे माथे उघडे टाकतो. कागदोपत्री सरासरी पाच मायक्रॉन असलेला लेप प्रत्यक्षात दरीत दहा आणि माथ्यावर शून्य असतो, आणि तेलाला वाट मिळण्यासाठी माथ्यावरचे ते शून्य पुरेसे होते. वर दोन ग्रॅम वाढविले, की त्यांचाही मोठा वाटा दरीतच जातो. जमीन न चोपता सारवावयास बसावे आणि शेण पुरत नाही म्हणून तक्रार करावी, त्यातलाच हा प्रकार.

यावर ‘कागद कॅलेंडरमधून काढून घ्या’ असे उत्तर तत्काळ येते, आणि ते अर्धेच खरे आहे. कॅलेंडर तंतूंना दाबून सपाट करतो, पण त्यांची मूळ ठेवण पुसून टाकीत नाही; पाण्यातील लेपाचा स्पर्श होताच दबलेला तंतू फुगतो, सैल होतो आणि आपल्या पूर्वीच्या आकाराकडे परत फिरतो. वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. घोटलेल्या कागदाचा वीतभर तुकडा घ्यावा, त्याचा अर्धा भाग ओल्या स्पंजाने हलकेच पुसून वाळू द्यावा आणि अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून पाहावे. कोरडा अर्धा गुळगुळीत दिसेल. ओला होऊन वाळलेल्या अर्ध्यावर तंतूंच्या बारीक, लांबट सावल्या उभ्या राहिलेल्या दिसतील. गुळगुळीतपणाचा जो आकडा प्रयोगशाळेने कोरड्या कागदावर मोजला होता, तो लेपाखाली उरलेलाच नसतो. शिवाय केवळ दाबावर भिस्त ठेवली तर जाडी घटते, आणि जाडी थोडी घटली तरी ताठपणा बराच घटतो. पेल्याच्या वा खोक्याच्या कागदाला तो सौदा परवडत नाही.

खुलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदी मंडळी हे मर्म जाणून होती. हातकागदाला आधी खळ, ती वाळली की गुळगुळीत दगडाने घोटणी, असा त्यांचा क्रम होता, आणि तो बोरू अडखळू नये व शाई फुटू नये एवढ्यासाठीच होता. खळीने तंतू परस्परांस बांधून घेतले, पृष्ठाची रंध्रे आवळली, म्हणजे मागून होणाऱ्या घोटणीचा परिणाम टिकतो. आपल्या गिरणीतील साइझप्रेस आणि कॅलेंडर हीच दोन कामे मिनिटाला शेकडो मीटरांच्या वेगाने करतात. पण रीळ खरेदी करताना आपण साइझप्रेसला कोणता स्टार्च लागला, किती ग्रॅम लागला आणि तो पृष्ठावर राहिला की पोटात शिरला, यांतील एकही प्रश्न विचारीत नाही.

साइझिंगविषयी एक गैरसमज विशेष रूढ आहे. कॉब चाचणीचा आकडा जितका कमी तितका कागद लेपासाठी उत्तम, असे मानणारे अनुभवी तंत्रज्ञही भेटतात. या चाचणीत शंभर चौरस सेंटिमीटर कागदावर पाणी साठ सेकंद उभे ठेवतात, आणि मग टिपकागद घालून दहा किलोचा रूळ फिरवून, किती पाणी मुरले ते वजनाने काढतात. परंतु मिनिटाला तीनशे मीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर, वेगाने धावणाऱ्या यंत्रावर लेप लागण्याच्या जागेपासून वाळवणीपर्यंतचे अंतर दोन मीटर धरले, तर लेप आणि कागद यांची ओली भेट अर्ध्या सेकंदाचीही होत नाही. एका मिनिटाची साक्ष अर्ध्या सेकंदाच्या घटनेला लावणे हे न्यायाचे नव्हे. एकेडी या साइझिंग-रसायनाने कडकडीत साइझ केलेल्या कागदाचा कॉब सुंदर असतो, आणि नेमका त्याच्याच पृष्ठावरून पाण्यातील लेप मागे सरतो, बेटे-बेटे करून बसतो आणि वाळल्यावर चिकटपट्टीबरोबर उचलून येतो. भरीत भर म्हणजे एकेडीचा परिणाम गिरणीतून कागद निघाल्यावरही काही काळ चढत राहतो, तेव्हा ताज्या रिळावर चाललेली कृती महिनाभर गोदामात राहिलेल्या रिळावर फसते. उलटपक्षी साइझिंग अगदीच सैल असेल, तर लेपातील पाणी आणि त्याबरोबर बंधकद्रव्यही कागदाच्या पोटात ओढले जाते व वर भुसभुशीत थर उरतो. हवे असते ते मधले काहीतरी: पृष्ठ भिजावे, पण प्यायलेले नसावे. यासाठी पहिल्या एक-दोन सेकंदांतील स्पर्शकोन पाहणे कॉबपेक्षा पुष्कळ बोलके. कोरोना-प्रक्रियेने पृष्ठऊर्जा वाढविता येते, मात्र तिचा परिणाम दिवसागणिक ओसरत असल्याने ती लेपाच्या यंत्रावरच, लेपाच्या लगतपूर्वी करावी.

ज्यांना यंत्रावर दोन ठाणी उपलब्ध आहेत, त्यांनी एकाच जाड थराचा मोह सोडावा. पहिल्या थराने पृष्ठ भरून काढावयाचे, दुसऱ्याने अडवावयाचे, अशी कामाची वाटणी केली, म्हणजे तेवढ्याच एकूण वजनात पुष्कळ अधिक साधते. कारण पहिल्या थरातील छिद्र आणि दुसऱ्यातील छिद्र एकाच बिंदूवर येण्याचा योग विरळा. पहिला थर महाग असण्याचीही जरूर नाही. चपट्या कणांची केओलिन आणि थोडे लॅटेक्स यांचे साधे मिश्रण खळगे भरते, आणि त्यातील पापुद्र्यांसारखे कण आडवे पसरल्याने झिरपणाऱ्या रेणूची वाटही लांबते.

आपल्याकडील लगद्याचे काही स्वभावविशेष परदेशी पुरवठादारांच्या माहितीपत्रकांत सापडत नाहीत. उसाच्या चिपाडाचा कागद बारीक तंतूंमुळे दाट आणि मिटलेला निघतो, हा लेपाच्या दृष्टीने मोठाच गुण. परंतु चिपाडातला मऊ भाग, ज्याला गिरणीत पिथ म्हणतात, तो पुरता काढलेला नसेल तर त्याच्या पेशी तंतूंशी नीट जुळत नाहीत, पृष्ठावरून सुटतात आणि लेपाच्या हौदात जाऊन बसतात. रद्दीच्या कागदात मेण, चिकटद्रव्ये आणि क्वचित सिलिकोन यांचे कण येतात, आणि अशा प्रत्येक कणाभोवती लेप मागे सरून वाटोळा खड्डा पडतो. पातीने कापलेल्या रिळाच्या कडेला धूळ असते. ती शोषून घेणारी साधी नळी बसविण्याचा खर्च एका नापास खेपेहून खचित कमी आहे. आणि पावसाळा! भिवंडीच्या गोदामात उघड्या पडलेल्या रिळाच्या कडा जुलैत ओल धरून लाटांसारख्या होतात, मधला भाग मात्र कोरडाच राहतो. मग एकाच रुंदीत लेप दोन तऱ्हांनी बसतो आणि दोन तऱ्हांनी वाळतो. वेष्टन यंत्रावर चढविण्याच्या वेळीच फोडावे, एवढा एक नियम पाळला तरी निम्मा ताप वाचेल.

दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी प्रत्येक वेळी प्रयोगशाळेकडे धाव घ्यावयास नको. लेपाच्या बाजूवर रंगीत टर्पेंटाइन पसरावे, काही मिनिटांनी पुसावे आणि जे ठिपके उमटतील ते दहापट भिंगाखाली पाहावे. ठिपके लांबट आणि तंतूच्या पाठीवरून ओळीने गेलेले असतील, तर माथे उघडे राहिले, म्हणजे दोष पृष्ठाचा. ठिपका वाटोळा, कडेला किंचित उंचावलेला असेल, तर तो फेसाचा वा अतिवेगाने वाळविल्यामुळे फुटलेल्या वाफेचा बुडबुडा. तो दोष आपल्या यंत्राचा. खड्ड्याच्या मध्यभागी तेलकट कण दिसला, तर गिरणीला पत्र लिहावे. आणि ठिपके यंत्राच्या दिशेने सरळ रेघेत आले, तर कोणालाही पत्र न लिहिता आधी ब्लेड पुसावे. तेलरोधाच्या किट चाचणीचा एकच एक आकडा यांतले काहीही सांगत नाही, तरी आपल्या दफ्तरांत तोच तेवढा जपून ठेवलेला असतो.

खरेदीपत्राची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपली खरेदीपत्रे जीएसएम, फुटबळ, शुभ्रता आणि ओलावा यांविषयी तपशीलवार बोलतात आणि ज्या पृष्ठावर आपली सारी भिस्त, त्याविषयी मौन पाळतात. मग गिरणीने कराराप्रमाणे कागद दिला, हे तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही, आणि ते खोडण्याचा आपल्याला अधिकारही नसतो. लेप कोणत्या बाजूला लागणार, जाळीच्या की नमद्याच्या, हे खरेदीपत्रात लिहावे. त्याच बाजूचा खडबडीतपणा, हवेची पारगम्यता, कॉबची खालची आणि वरची अशी दोन्ही टोके, आणि स्पर्शकोन, हे चार आकडे सत्तावीस अंश व पासष्ट टक्के आर्द्रतेला मोजून मागावेत. गिरण्या कुरकुरतील, टनामागे काही रुपये वाढवूनही मागतील. ते द्यावेत; चौरस मीटरमागे वाचलेल्या एका ग्रॅम लेपातून ते भरून निघतात की नाही, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या दराने मांडून पाहावा. ज्या वाचकांनी अशी कलमे करारात घातली आहेत, त्यांनी त्यांची शब्दयोजना आणि गिरणीकडून आलेले उत्तर, नावे गाळून, आमच्याकडे पाठवावे. ती या मासिकात क्रमाने छापण्याची आमची तयारी आहे.