सौजन्याची सबब

विवाह जुळविण्याच्या आपल्या व्यवहारात नकार कळविण्याची एक रीत गेल्या कित्येक पिढ्यांत इतकी रूढ होऊन बसली आहे की, तिच्यात असत्य आहे याची जाणीवही ती योजणाराला सहसा होत नाही. मुलगा-मुलगी एकमेकांना पाहतात, पोहे आणि चहा होतो, दोन्हीकडची वडील मंडळी परस्परांच्या मूळ गावाची आणि नात्यागोत्याची आस्थेने चौकशी करतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी, पूर्वी पोस्टकार्डावर, मग फोनवर आणि आता व्हॉट्सॲपवर, एका ओळीचा निरोप येतो : पत्रिका जुळत नाही. खरे कारण बहुधा निराळे असते. मुलाच्या आईला मुलीचा सावळा वर्ण खटकलेला असतो, किंवा मुलीला कांदिवलीच्या दोन खोल्यांत पाच माणसांच्या कुटुंबात संसार थाटावयाचा नसतो, किंवा कोणाच्या बोलण्याची धाटणीच कोणाला रुचलेली नसते. परंतु समोरच्याचे मन दुखवू नये, उद्या एखाद्या कार्यात गाठ पडली तर नजर चुकवावी लागू नये, म्हणून नकाराचा सारा भार ग्रहनक्षत्रांवर टाकून माणसे मोकळी होतात. त्यांचा हेतू दुष्ट नसतो, हे मी मनःपूर्वक मान्य करतो.

तथापि मुलुंड पूर्वेस राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, आणि त्यांचे जे झाले ते पाहिल्यापासून या निरुपद्रवी मानल्या गेलेल्या वाक्याकडे मला निश्चिंत मनाने पाहता येत नाही. त्यांच्या मुलीच्या बाबतीत एकामागून एक स्थळांकडून हाच निरोप येत गेला, आणि ते सरळ मनाचे असल्यामुळे त्यांनी तो अक्षरशः खरा मानला. जन्मवेळेची त्यांनी नव्याने रुजुवात केली, प्रसूतिगृहाचा जुना दाखला शोधून काढला, एका ज्योतिषाने मांडलेल्या कुंडलीची दुसऱ्याकडून खातरजमा करून घेतली, ऐपत नसता शांती करविली. आणि बँकेत जबाबदारीच्या हुद्द्यावर असलेली त्यांची ती बुद्धिमान मुलगी, आपल्या जन्मातच काही उणे आहे की काय या शंकेने, हळूहळू चारचौघांत मिसळेनाशी झाली. पुढे एका मध्यस्थाकडून उलगडा झाला तो असा की, लग्नानंतरही पगाराचा काही हिस्सा आपण आईवडिलांना देत राहणार, असे ती प्रत्येक ठिकाणी स्वच्छ सांगत असे, आणि तेवढ्यावरूनच बोलणी मोडत होती. हे पहिल्याच घराने सांगितले असते तर बापलेकींना चार दिवस वाईट वाटले असते, आणि त्या अटीचा मान राखणारे घर शोधावयाचे एवढेच त्यांच्यापुढे उरले असते. त्यांना दुःखापासून वाचविण्याकरिता जे बोलले गेले त्याने त्यांची वर्षे खाल्ली. याहून मोठी हानी मला दिसते ती अशी की, आता कोणी मनापासून मुलीचे कौतुक केले तरी ते गृहस्थ केवळ मान हलवितात. लोकांच्या बोलण्यातले खरे कोणते हे ओळखण्याचा नादच त्यांनी सोडून दिला आहे. नकार देणाऱ्यावर कारण सांगण्याचे बंधन मुळीच नाही. ‘आमचे जमत नाही, क्षमा असावी’ एवढे लिहिल्याने कोणाचा अपमान होत नाही.

असत्याचा लहानमोठेपणा ते बोलणारा ठरवितो, ही या प्रकरणातील मूळ चूक होय. बोलणाराच्या दृष्टीने तो एक क्षण असतो, एक अवघड प्रसंग टळलेला असतो. परंतु त्याच शब्दावर विसंबून ऐकणारा पैसा खर्च करतो, वाट पाहतो, रस्ता बदलतो, आशा धरतो किंवा सोडतो, आणि या सर्वांचा हिशेब बोलणाराच्या दफ्तरी कधीच चढत नाही. ज्या बोलण्यावर कोणी काहीच करीत नाही, त्याची मला चिंता वाटत नाही. दारात आलेल्या पाहुण्याने ‘आत्ताच जेवून निघालो’ म्हणावे आणि यजमानीणबाईंनी ते न ऐकल्यासारखे करून पान वाढावे, निरोप घेताना ‘एकदा सवडीने या हं’ म्हणावे आणि समोरच्याने ‘नक्की’ म्हणावे, या दोन्ही ठिकाणी दोघांनाही शब्दांचा अर्थ पुरता ठाऊक असतो आणि फसत कोणीच नाही. तो शिष्टाचार आहे, आणि शिष्टाचारावाचून गर्दीच्या शहरात माणसांना एकमेकांजवळ राहताच येणार नाही. मारेकऱ्यालाही खोटे सांगू नये असे कान्टने १७९७ साली प्रतिपादिले. उलट लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, दुसऱ्याचा प्राण वाचविण्याच्या प्रसंगी सत्याचे काय करावे याची चर्चा महाभारताच्या आधारे केली आहे. त्या असामान्य प्रसंगांत मी लोकमान्यांच्या बाजूचा आहे. पण आपल्या वाट्याला मारेकरी आणि दरोडेखोर क्वचितच येतात. येतात ती आपलीच माणसे.

विनोदात, स्त्रीशी बोलताना, विवाहाच्या वेळी, प्राणसंकटात आणि सर्वस्व लुटले जात असता बोललेले असत्य पातक नव्हे, हे वचन आपल्याकडे पुष्कळदा मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. पण ते महाभारतात कोणी आणि कशासाठी उच्चारले याकडे सांगणाराचे लक्ष नसते. आदिपर्वात ते शर्मिष्ठेच्या तोंडी आहे. शुक्राचार्यांना दिलेला शब्द मोडण्यास ययाति कचरत असता, त्याला राजी करण्याकरिता ती हा आधार पुढे करते, आणि तो राजी होतो. पुढची कथा अधिक मननीय आहे. शर्मिष्ठेला पुत्र होतो तेव्हा देवयानी तिला विचारते, आणि ती सांगते की, एका वेदवेत्त्या ऋषीपासून मला हे अपत्य झाले. त्या घटकेला हे उत्तर सर्वांच्याच सोयीचे असते. देवयानीचा संशय फिटतो, ती समाधानाने परत जाते, आणि कोणाचेच काही बिघडत नाही असे दिसते. परंतु काही काळाने उपवनात खेळणारी मुले तिला भेटतात, तुमचा पिता कोण असे ती सहज विचारते, आणि ती निरागस मुले ययातीकडे बोट दाखवितात. त्यानंतर शुक्राचार्यांचा शाप आणि ययातीचे अकाली वार्धक्य, हा भाग वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’ या कादंबरीने मराठी घराघरांत पोहोचविला आहे. मला मात्र त्या कथेत शापापेक्षा देवयानीचे समाधानाने परत जाणे अधिक करुण वाटते. तिने विश्वास ठेवला, हाच तिचा तोटा झाला.

आपल्या उपनगरांत असत्याचे सर्वांत सुपीक क्षेत्र कोणते असेल तर ते म्हणजे संध्याकाळच्या गाडीतील फोन. अंधेरी आणि बोरिवली यांच्या दरम्यान जोगेश्वरी, राममंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली अशी पाच स्थानके आहेत, आणि गाडी जोगेश्वरीला उभी असता ‘कांदिवली सुटली, पाच मिनिटांत पोचतेच’ असे शब्द कानी पडले नाहीत अशी संध्याकाळ विरळा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई पाळणाघर चालवितात. असा फोन आला की त्या मुलाचे दप्तर भरतात, पाण्याची बाटली त्याच्या गळ्यात अडकवितात, बूट घालून त्याला दाराशी बसवितात. मूल जिन्यावरच्या प्रत्येक पावलाकडे कान देऊन बसते, आणि अर्धा तास गेला की पुन्हा बूट काढून आत येते. तेथील एका चार वर्षांच्या मुलीने परवा बूट घालून घेण्यासच नकार दिला. बाई म्हणाल्या, ‘अगं, आईचा फोन आला ना, पाच मिनिटांत येतेय.’ ती म्हणाली, ‘खरी आली की घालीन.’ त्या आईला मी दोष देत नाही. दिवसभर कचेरीत राबून, डब्यात पाय ठेवावयास जागा नसता, आपले मूल वाट पाहत आहे या व्यथेने ती ते अंतर शब्दांनी कमी करू पाहते. तिच्या असत्यात माया आहे. पण चार वर्षांच्या वयात आईच्या शब्दाला पुरावा मागण्याची सवय लागावी, ही गोष्ट मायेने भरून निघणारी नाही.

पेशवाईच्या काळी निरनिराळ्या टांकसाळींची नाणी बाजारात चालत, आणि सराफ प्रत्येक नाणे पारखून त्यावर बट्टा कापून घेई. आज आपण एकमेकांच्या शब्दांवर तसाच बट्टा कापीत आहोत. सुतार ‘उद्या येतो’ म्हणाला की आपण परवा धरतो, शिंप्याने ‘काजेबटणे तेवढी राहिली आहेत’ म्हटले की कापड अजून बेतलेलेही नाही असे समजतो, सहाचे निमंत्रण आले की सातला निघतो. आणि निमंत्रण देणारानेही हे गृहीत धरून साडेसातच्या समारंभाला सहा छापलेले असतात. यात ज्याचे नाणे खरे आहे तोही भरडला जातो. जो खरोखरच सहाला येतो तो रिकाम्या सभागृहात खुर्च्या मांडणाऱ्यांकडे पाहत बसतो, आणि जो कारागीर खरोखरच उद्या येतो त्याला घराला कुलूप दिसते. किरकोळ असत्याने विश्वासघात होत नाही, हे म्हणणे खरे आहे. पण विश्वास एकदम कोसळला तर निदान आवाज तरी होतो आणि माणसे सावध होतात, येथे तो कळत नकळत झिजतो आणि भुर्दंड मात्र सत्य बोलणाऱ्याला बसतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, फोन लागेनासे झाले, आणि लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाली. त्या रात्री घरी बसलेल्यांपाशी बाहेरच्या माणसाचा शेवटचा शब्द, एवढाच आधार होता. तो कचेरीतच आहे की निघाला, निघाला तर कोठवर आला, यावरच कोणी कोठे शोधावयाचे हे अवलंबून होते. पुढच्याच वर्षी, ११ जुलैच्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या घरांत एकच प्रश्न होता : कोणती गाडी धरली म्हणाला होता? ज्या शहरात माणूस रोज घरापासून इतका दूर जातो, तेथे स्थानकाचे खरे नाव सांगणे हा निव्वळ वक्तशीरपणाचा मुद्दा राहत नाही.

घाटकोपरच्या पंतनगरातील एका काकूंचे उदाहरण मला येथे दिल्यावाचून राहवत नाही. त्यांचे थोरले बंधू साताऱ्याला वारले, तेव्हा काकूंना धक्का सोसणार नाही म्हणून मुलाने व सुनेने ती वार्ता दडविली. तेरा दिवस होईपर्यंत ‘मामांना जरा बरे नाही, झोपले आहेत, उद्या बोलू’ असे सांगून त्यांना थोपविले. नंतर एका नातलगाच्या बोलण्यातून त्यांना ते कळले. त्या रडल्या, पण मुलाला काही बोलल्या नाहीत, आणि घरातल्या सर्वांना वाटले की प्रकरण मिटले. दोन वर्षांनी काकूंच्या मानेला गाठ आली, ती काढून तपासणीस पाठविली, आणि तिच्यात काहीही वाईट नाही असा अहवाल आला. मुलगा तो कागद हातात घेऊन धावतच घरी आला. काकूंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘तू असंच सांगणार, बाळा.’ सुनेने सांगितले, डॉक्टरांनी समक्ष सांगितले, तरी त्यांना वाटे की त्यांनाही आधी पढवून ठेवले आहे. मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी उशीखालून तो अहवाल काढून माझ्यापुढे धरला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तिचा अर्थ विचारला, आणि शेवटी म्हणाल्या, ‘तुम्हालाही यांनी सांगून ठेवलं असेल.’ त्या दिवसांत त्यांनी बांगड्या नातींच्या नावे बाजूला काढल्या, कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हवाली केल्या. निरोगी असता त्या मरणाच्या तयारीत राहिल्या, आणि त्यांच्या मुलापाशी जगातील सर्वांत आनंदाची बातमी असूनही ती देण्यास उपयोगी पडेल असा शब्द त्याच्यापाशी शिल्लक नव्हता.

म्हणून ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, वाईट बातमी त्यांना त्याच दिवशी सांगावी. फोनवरून नव्हे, तर जवळ बसून, त्यांचा हात हाती घेऊन सांगावी, आणि त्या रात्री त्यांना एकटे ठेवू नये. आयुष्यात त्यांनी आपल्याहून अधिक मरणे पाहिली आहेत, आणि ती सोसूनच आपल्याला वाढविले आहे.