बटन दाबलं की झालं?

मित्रमैत्रिणींनो (आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडमनो),

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी हा विषय म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री पाठ करायची पंधरा उत्तरं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. खरं तर इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ही गोष्ट मला स्वतःला नीट कळली ती मराठीतून सांगावी लागली तेव्हाच, म्हणून इथे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याने एकदाही काळ्या खिडकीत कमांड टाइप करून सी प्रोग्रॅम कंपाइल केलेला नाही, त्याने दुसऱ्याच्या हातात द्यायचं यंत्र बनवू नये. हे वाचून "आली मोठी शहाणी" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की पहिली गुन्हेगार मीच आहे.

सेकंड इयरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून मेससाठी एक छोटं टर्मिनल बनवलं. सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले, सोळा कळांचा कीपॅड, नोंदी साठवायला ८ किलोबाइटचा ईईप्रॉम आणि महिन्याच्या शेवटी सगळा हिशोब पीसीवर ओतायला सीरियल पोर्ट. मेंदू म्हणून ८०५१ घराण्यातली ८९एस५१ ही चिप. काउंटरवरच्या मावशींनी रूम नंबर टाकायचा, गेस्ट थाळीची कळ दाबायची आणि 'सेव्ह' करायचं, की थाळी त्या रूमच्या बिलात जमा. वही नाही, खाडाखोड नाही. एक्स्टर्नल खूश, आम्ही खूश, मार्क पण छान. मेसच्या मॅनेजरना टर्मिनल इतकं आवडलं की त्यांनी ते ठेवूनच घेतलं. आमच्या कॉलर ताठ!

दुसऱ्याच महिन्यात घोळ झाला. स्वयंपाकघराच्या हिशोबात ज्या गेस्ट थाळ्या गेल्या होत्या, त्यापेक्षा मशीनमध्ये ४१ कमी. साठ रुपयांना एक, म्हणजे २४६० रुपये. मॅनेजरनी सरळ मावशींना विचारलं, तेही रविवारी दुपारी, सगळी लाइन उभी असताना. "ओळखीच्यांना फुकट जेवायला घातलं, की रोख घेऊन खिशात टाकले?" मावशी म्हणाल्या, "मी दर टायमाला बटन दाबलंय." त्यांनी दरवाज्यामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा पण मारून ठेवल्या होत्या. सवयच त्यांची. रेघा स्वयंपाकघराच्या हिशोबाशी जुळत होत्या. पण रेघा काय, कोणीही नंतर मारेल! मशीन थोडंच खोटं बोलणार? पगारातून पैसे कापले गेले.

मी लाइनमध्ये सातवी-आठवी होते. हातात ताट. तोंडातून एक शब्द निघाला नाही. कारण मलाही मनातून वाटलं, की प्रोग्रॅम तर बरोबर आहे, 'झीरो एरर' आला होता, मग मावशींनीच कळ नीट दाबली नसेल. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

रात्री झोप लागेना. टर्मिनल रूमवर आणलं आणि मावशी रविवारी घाईत जशा दाबतात तशा कळा दाबत बसले. 'सेव्ह' दाबल्यावर ते संपायच्या आत पुढच्या रूमचा नंबर दाबला, की अधूनमधून डिस्प्ले क्षणभर कोरा व्हायचा आणि पुन्हा 'वेलकम' यायचं. म्हणजे मशीन पहिल्यापासून सुरू होत होतं, आणि अर्धवट राहिलेली नोंद गायब! गर्दीत वर बघायला मावशींना वेळ कुठे?

माझ्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर नेमकं तेव्हा रुसलेलं. रूममेटच्या लॅपटॉपवर फक्त एसडीसीसी होता. संदीप दत्ता यांनी सुरू केलेला, फुकट आणि मुक्त मिळणारा, छोट्या चिप्ससाठीचा सी कंपायलर. त्याला खिडक्या नाहीत, बटनं नाहीत. आपण एक ओळ टाइप करायची, त्याने काम करायचं. आमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही हाच बसलेला असतो, हे मला त्या रात्री कळलं! दीड वर्ष ज्याच्या जिवावर जर्नलं भरली, त्याच्याशी पहिल्यांदा तोंडओळख होत होती.

मग मॅन्युअल उघडलं. कंपायलरला काय काय सांगता येतं त्याची यादी. कोणती चिप, कोड किती बाइटमध्ये बसवायचा, आणि एका ठिकाणी 'आयरॅम-साइझ', म्हणजे चिपच्या आतली मेमरी किती. मी थांबले. किती बरं? डेटाशीट काढली. ८९एस५१ मध्ये १२८ बाइट. आमच्या जुन्या प्रोजेक्टचं सेटिंग पाहिलं, तर तिथे ८०५२. ते सेटिंग सीनियर्सच्या प्रोजेक्टवरून जसंच्या तसं उचललेलं. त्यांची चिप होती ८९एस५२, तिच्यात २५६ बाइट. दोन्ही चिप्सचे पाय सारखे, सॉकेटमध्ये दोन्ही बसतात, त्यामुळे कोणाला संशयच आला नाही. आम्ही कंपायलरला दुप्पट घर सांगितलं होतं.

शेवटी मी टाइप केलेली ओळ अशी होती (आपल्या विभागाच्या नियमाप्रमाणे देवनागरीत देतेय, कंपायलरला मात्र रोमनच लागतं हं!):

एसडीसीसी -एमएमसीएस५१ --आयरॅम-साइझ १२८ --कोड-साइझ ४०९६ थाळी.सी

एंटर मारल्यावर एका फाइलच्या दहा फायली झाल्या. त्यातली एक 'मेम' नावाची, पानभराचीसुद्धा नाही. तिच्यात कंपायलर सांगतो की मेमरी कुठे किती गेली आणि स्टॅकसाठी किती उरली. जुन्या सेटिंगने तयार झालेल्या 'मेम' फाइलमध्ये लिहिलं होतं, १५४ बाइट शिल्लक. नव्या फाइलमध्ये, २६ बाइट शिल्लक. जुनी फाइलसुद्धा पहिल्या दिवसापासून आमच्या फोल्डरमध्ये पडून होती. चौघांपैकी एकीनेही ती उघडली नव्हती.

आता २६ बाइटमध्ये काय बिघडलं ते पाहू. एसडीसीसी ८०५१ साठी फंक्शनमधली व्हेरिएबल्स सहसा स्टॅकवर ठेवत नाही, त्यांना आधीच पक्की जागा देऊन टाकतो. त्यामुळे आमच्या स्टॅकवर मुख्यतः परतीचे पत्ते जायचे. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, की 'परत कुठे यायचं' याचे दोन बाइट. ईईप्रॉममध्ये नोंद लिहिताना चार फंक्शन्स एकमेकांच्या पोटात, म्हणजे ८. तेवढ्यात टायमरचा इंटरप्ट आला, त्याच्या परतीचे २. इंटरप्टने रजिस्टरं जपून ठेवली, त्यांचे १३. आणि त्याच क्षणी कळ दाबलेली असेल तर आणखी दोन फंक्शन्स, ४. बेरीज करा. २७!

जागा २६, गरज २७. सत्ताविसावा बाइट जिथे ठेवायचा तिथे चिपमध्ये मेमरीच नाही. परतीचा अर्धा पत्ता हवेत, आणि प्रोग्रॅम गेला भटकायला. एका बाइटपायी एका बाईवर चोरीचा आळ.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. डिस्प्लेवरचे तीन ठरावीक मेसेज आम्ही रॅममध्ये ठेवले होते. ते कधीच बदलत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे 'कोड' हा शब्द लावून ते फ्लॅशमध्ये हलवले. ५१ बाइट मोकळे झाले. पुढचे दोन आठवडे मावशींच्या रेघा आणि मशीनच्या नोंदी रोज पडताळल्या, एकाही थाळीचा फरक नाही.

आम्ही चौघी रेक्टर मॅडमकडे गेलो, मॅनेजरना बोलावलं आणि चूक आमची आहे असं लिहून दिलं. पुढच्या पगारात मावशींचे पैसे परत आले. पण त्या रविवारी लाइनसमोर जे विचारलं गेलं, ते कुठल्या पगारात परत येणार?

मग मावशींची माफी मागायला गेले. आणि इथे माझी खरी व्हायवा झाली! स्टॅक, ओव्हरफ्लो, इंटरप्ट, यातला एक शब्द चालणार नव्हता. म्हटलं, "मावशी, समजा मांडणीत १२८ ताटं मावतात. आम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं २५६. मशीन बिचारं ताटावर ताट ठेवत गेलं. गर्दीत वरचं ताट पडलं, आणि पुढे काय करायचं ते त्याच ताटावर लिहिलेलं होतं."

मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग आधी मांडणी बघायची की गं पोरी. मी कणीक भिजवायच्या आधी डब्यात पीठ किती आहे ते बघते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आता कोणी म्हणेल, चूक तुमच्या सेटिंगची, त्यात बिचाऱ्या आयडीईचा काय दोष? बरोबर आहे. आयडीई वाईट नाही, मी आजही वापरते. रंगीत अक्षरं, चुकीच्या ओळीवर एका क्लिकमध्ये उडी, हे कोणाला नकोय? आणि कमांड टाइप करूनही माणूस २५६ लिहू शकतो. फक्त तेव्हा ते २५६ त्याने स्वतः लिहिलेलं असतं. बटनामागे तीच कमांड असते, पण ती दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कोणत्यातरी चिपसाठी लिहिलेली असते, आणि आपण न वाचताच तिच्यावर सही करतो. मोबाइलवर 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, अगदी तसंच.

दुसरा आक्षेप प्लेसमेंटवाल्यांचा. ८०५१ ही इंटेलची १९८० सालची चिप, तिच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? अहो, चिप बदलेल, कंपायलर बदलेल. पण मेमरी किती, लागते किती, आणि हे मी कुठे वाचलं, हे तीन प्रश्न तसेच राहतील. मोठ्या मशीनवर ते विचारले नाहीत तरी खपून जातं. १२८ बाइटमध्ये खपत नाही, म्हणून शिकायला हीच चिप बरी.

तिसरी अडचण खरी आहे. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस जणांची बॅच, त्यात निम्मे पीसी बंद. सर म्हणतात, कमांड शिकवत बसलो तर प्रयोग कधी होणार? सर, मान्य. म्हणून मागणी छोटीच करते. मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकल्सपैकी फक्त पहिली तीन काळ्या खिडकीत घ्या. आणि जर्नलमध्ये तीन-तीन पानं कोड छापून घेण्याऐवजी (तो आम्ही कोणाचा छापतो हे तुम्हालाही माहीत आहे!) दोनच ओळी लिहायला लावा. एक, मी दिलेली कमांड, तिच्यातल्या प्रत्येक शब्दाच्या अर्थासह. दुसरी, 'मेम' फाइलमधलं स्टॅकचं वाक्य. व्हायवात एवढंच विचारा, "हा आकडा कुठून आला?" बघा किती जणांना घाम फुटतो ते.

आणि तुम्हा मित्रमैत्रिणींना एवढंच. तुमच्याही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये अशी एखादी न उघडलेली फाइल असेल. सबमिशनच्या आधी एकदा उघडा. आपलं टर्मवर्क सेमिस्टरबरोबर संपतं, पण ते यंत्र कोणाच्या तरी काउंटरवर राहतं, आणि ते चुकलं की पहिला जाब कळ दाबणाऱ्यालाच विचारला जातो.

मावशी अजूनही कॅलेंडरवर रेघा मारतात. "मशीन आता नीट आहे मावशी," असं मी सांगून पाहिलं.

"असू दे गं," म्हणाल्या, "पेन्सिल कुठे महाग आहे?"