‘प्रिमिटिव्ह’ कोणाला म्हणावे?

मुंबईहून गुजरातकडे जाणारा महामार्ग चारोटी नाक्यावरून पुढे सरकतो, तेव्हा विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देऊळ लागते. चैत्र पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते. देवीच्या गडावर ध्वज लावण्याचा मान परंपरेने वाघाडी गावच्या वनवासी पुजाऱ्याकडे आहे. डहाणू-तलासरीतील वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि किनाऱ्यावरचा व्यापारी, शेतकरी असा सारा समाज एकाच पायरीवर माथा टेकतो. याच परिसरातल्या मुलाच्या हाती जेव्हा त्याच्या घरच्या भिंतीवरील चित्रांविषयीचे एखादे इंग्रजी पत्रक पडते, तेव्हा त्यात एक विशेषण त्याला वारंवार भेटते: ‘प्रिमिटिव्ह’. तो शब्दकोश उघडतो. तेथे ‘मूळचा’, ‘आदिम’ हे अर्थ असतात आणि त्यांच्याच शेजारी ‘रानटी’, ‘अप्रगत’ हेही असतात. यांपैकी आपल्या आजीला कोणता लागू करायचा, हे शब्दकोश सांगत नाही.

शब्द मुळात वाईट नाही. लॅटिनमधील ‘प्रायमस’ म्हणजे पहिला. आपल्या ‘प्रथम’ शब्दाचा तो दूरचा आप्तच होय. प्राइम मिनिस्टरमधला ‘प्राइम’ आणि प्रायमरी शाळेतली ‘प्रायमरी’ याच कुळातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील एका ख्रिस्ती पंथाने ‘प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट’ हे नाव मोठ्या अभिमानाने धारण केले. आपण मूळ, शुद्ध वळणाचे आहोत, असे त्यांना सुचवायचे होते. गणितात ‘प्रिमिटिव्ह रूट’ म्हटल्याने कोणत्याही संख्येचा अपमान होत नाही. मग डहाणूच्या वाटेवर या शब्दाला गंज कोठे चढला?

तो चढला विद्यापीठांत. एडवर्ड टायलर यांचा ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा ग्रंथ 1871 साली निघाला. सारी मानवजात एकाच शिडीने वर चढते, युरोप वरच्या पायरीवर पोचला आहे आणि बाकीचे खाली आहेत, ही त्या काळाची विचारसरणी होती. ‘पहिला’चा अर्थ ‘मागे राहिलेला’ असा झाला तो येथे. पुढे 1931 च्या जनगणनेत येथील जनजातींसाठी ‘प्रिमिटिव्ह ट्राइब्ज’ हाच शब्दप्रयोग आला आणि विद्वानांचे अनुमान सरकारचे दप्तर बनले.

आता ज्यांना हे विशेषण लावले, त्यांच्या घरात डोकवावे. वारली लग्नात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवीची स्थापना होते. चौकावाचून लग्न नाही. आणि ते लग्न लावते कोण? धवलेरी, म्हणजे एक स्त्री. पुण्यात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रिया पौरोहित्य करू लागल्या, तेव्हा सुशिक्षित समाजाने ते पुरोगामी पाऊल म्हणून गौरविले, आणि ते योग्यच होते. परंतु तेच काम डहाणूच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असता त्याला मात्र ‘प्रिमिटिव्ह’! एकच आचार शहरात पुढारलेला आणि जंगलात मागासलेला कसा ठरतो, याचे उत्तर त्या विशेषणापाशी नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हा चौक भिंतीवरून कागदावर, कापडावर आणला आणि तो जगभर पोचविला. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ठिपक्याठिपक्यांनी मासेमारीचे जाळे विणणाऱ्या त्या हाताला अप्रगत म्हणणाऱ्याने आधी आपली नजर तपासावी.

या विशेषणाचा खरा अपराध मात्र याहून मोठा आहे. ते इतिहास झाकते. याच तालुक्यांत ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि त्या फेडीपायी नवराबायकोने आयुष्यभर त्याच्या घरी राबावे, अशी ती रीत. जमिनी सावकारांकडे गेल्या, जंगल सरकारकडे गेले, आणि उरलेल्या दारिद्र्याला साहेबाने ‘प्रिमिटिव्ह’ म्हटले. हे दैन्य आदिम नव्हते. ते कागदावर अंगठा उमटवून घेऊन निर्माण केलेले होते. 1945 च्या वारली उठावाचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचा मार्ग आपला नव्हे. परंतु त्यांनी या वेठीचे जे वर्णन केले आहे, ते नाकारण्याचे काही कारण नाही. कातकऱ्यांचेही तेच. कात पाडणे हा ज्यांचा धंदा आणि ज्यांचे नावही त्यावरून पडले, त्यांच्या हातून जंगल कायद्यांनी खैर काढून घेतला. आणि 1975 नंतर तेच कातकरी महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंडांसह ‘प्रिमिटिव्ह ट्राइबल ग्रुप’ ठरले!

या शब्दखेळाला मराठी माणसाने वेळीच उत्तर दिले होते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे, मूळचे मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1943 साली जनजातींवरील आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘अ‍ॅबओरिजिन्स’ शब्दापुढे ‘सो-कॉल्ड’, म्हणजे तथाकथित, हे शब्द जोडले. विशेषणाचा समाचार विशेषणानेच घेतला. ही मंडळी हिंदू समाजाचेच अंग आहेत, त्यांना वेगळे काढून संग्रहालयातील वस्तूप्रमाणे राखू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थात घुर्ये त्यांना ‘मागासलेले हिंदू’ म्हणत. त्यातले ‘हिंदू’ आपण आनंदाने उचलले. ‘मागासलेले’ या शब्दाचाही आज फेरविचार करावयास हवा. ‘वनवासी’ हे नाव आपण आदराने घेतो, पण ‘आदिवासी’ म्हणवून घेणे ज्या तरुणांना आवडते, त्यांचे म्हणणेही कान देऊन ऐकले पाहिजे. नाव ज्याचे, त्याला त्याबद्दल बोलण्याचा पहिला अधिकार आहे. दिवाणखान्यात वारली चित्र टांगणाऱ्या घरांत खोडकर मुलाला रागावताना ‘जंगली’ म्हणणे थांबलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

केंद्र सरकारने 2006 साली ‘प्रिमिटिव्ह’ हे विशेषण गटाच्या नावातून काढले व ‘विशेषतः असुरक्षित’ अशा अर्थाचे नवे शब्द घातले. मराठी व्यवहारात मात्र ‘आदिम जमाती’ रुळले ते रुळलेच. त्यात गंमत अशी की संस्कृत ‘आदिम’ला रानटीपणाचा स्पर्श नाही, भाषांतराने नकळत शब्दाची मूळ प्रतिष्ठा परत दिली. पण 1965 साली लोकुर समितीने अनुसूचित जनजाती ओळखण्याच्या ज्या पाच कसोट्या घातल्या, त्यांतली पहिलीच आहे ‘प्रिमिटिव्ह ट्रेट्स’. यादीत नवी जमात घालावयाची असली की आजही याच कसोट्यांचा आधार घेतला जातो. म्हणजे आपला हक्क मागणाऱ्या समाजाने आधी स्वतःला ‘प्रिमिटिव्ह’ सिद्ध करावयाचे. चारोटीच्या त्या मुलाने शब्दकोश मिटून उद्या स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडले, तर त्याला ही कसोटी तेथे पाठ करावी लागेल, आणि ती बरोबर लिहिल्याबद्दल गुणही मिळतील.