वाचली ती आजी झाली

पुण्याजवळच्या मारुंजीत टॉवर उठताहेत आणि ते बांधणारी कुटुंबं शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. आईबाप दोघंही साइटवर, वयात आलेली मुलगी दिवसभर एकटी. मग ‘लग्न उरकून टाकू’ असं ठरतं. ही काळजी खोटी नाही, तिला हसणाऱ्यांनी त्या खोलीत आठवडाभर राहून पाहावं. मात्र तिच्या पाठोपाठ येणारा युक्तिवाद लंगडा आहे: ‘आमच्या आजीला पंधराव्या वर्षी पहिलं झालं, नव्वदीपर्यंत ठणठणीत होती!’

असेलही. पण वाचली तीच आजी झाली. बाळंतपणात गेलेलीची साक्ष कोण काढणार? आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला, आणि त्याच दुःखातून त्या डॉक्टर झाल्या.

यावर कुणी म्हणेल, मग दोष उपचारांचा, वयाचा नव्हे. अर्धं खरं आहे. गरिबी आणि रक्तक्षय धोका वाढवतातच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी निघाल्या. पण या वयातल्या मुलीचं स्वतःचं अंगच अजून भरायचं असतं, आणि आहे त्या लोहात पोटातलं बाळ वाटेकरी होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की विशीतल्या आईपेक्षा किशोरवयीन आईला गर्भारपणातले झटके आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका जास्त असतो. बाळं दिवसांआधी येण्याचा, कमी वजनाची होण्याचाही. वरच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

‘गुन्हे दाखल करा, जरब बसेल,’ हा दुसरा पक्ष. बालविवाह लावणाऱ्यांवर जरूर करा. पण अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरोधातल्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. ‘नवरा आत जाईल’ या धास्तीनं तिचं नाव उशिरा नोंदवलं जातं, किंवा वय वाढवून सांगितलं जातं. रक्तदाब वेळेत मोजला जात नाही, आणि वाढलेला रक्तदाब हीच बहुतेकदा झटक्यांची पहिली खूण असते.

सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिनं व पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली. मूल ठेवणाऱ्या मुलीलाही तीच मुभा मिळावी, असं माझं म्हणणं आहे. यात एखादा अत्याचारी लपेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तपासणीच्या वेळी नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून तिला एकटीला विचारायला हवं. आज ती दवाखान्यातच येत नाही, तेव्हा तिला विचारणार तरी कोण?