मॉस्को, पेकिंग, तिराना. पण ब्राझील कोठे?

२५ मार्च १९२२ रोजी ब्राझीलमधील नितेरॉय शहरात नऊ प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. त्यांत शिंपी होते, न्हावी होता, छपाई कामगार होता, पत्रकार होता. श्रमिकांविषयीची त्यांची कळकळ खरी होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पक्षाचे नावच बोलके होते: 'कम्युनिस्ट पक्ष, कम्युनिस्ट इंटरनॅशनलची ब्राझिलियन शाखा'. पक्ष जन्मला तोच शाखा म्हणून, मुख्यालय मॉस्कोत!

या पक्षाला पुढे लाभलेला नेता मात्र अस्सल ब्राझिलियन होता. लुईस कार्लोस प्रेस्तेस हे सैन्यातील कॅप्टन. १९२० च्या दशकात बंडखोर सैनिकांची तुकडी घेऊन त्यांनी देशाच्या अंतर्भागातून सुमारे २५ हजार किलोमीटर कूच केली. तेव्हा ते कम्युनिस्ट नव्हते. खेड्यापाड्यांतील दैन्य पाहून ते त्या विचाराकडे वळले, १९३१ मध्ये मॉस्कोला गेले आणि तेथूनच आलेल्या आग्रहामुळे १९३४ मध्ये पक्षाने त्यांना सामावून घेतले. ज्याने आपला देश पायाखाली घातला होता, त्याला देशातील पक्षाचे दार परदेशातून उघडून मिळावे, हा दैवदुर्विलासच!

१९३५ मध्ये प्रेस्तेस गुप्तपणे परतले. सोबत ओल्गा बेनारियो ही जर्मन कम्युनिस्ट तरुणी होती. कॉमिन्टर्नचे अन्य परदेशी हस्तकही त्याच कामगिरीवर आले होते. नोव्हेंबरमध्ये नाताल, रेसिफे व रिओ येथील लष्करी छावण्यांत उठाव झाला. जनता उठेल हा हिशेब साफ चुकला आणि अवघ्या काही दिवसांत सारे संपले. त्यानंतर फितुरीच्या संशयावरून पक्षाने एल्झा नावाच्या आपल्याच एका तरुण सहकारिणीचा गळा आवळला. प्रेस्तेस तुरुंगात गेले. जेतुलियो व्हार्गास यांच्या सरकारने गर्भवती ओल्गाला, ती ज्यू आहे हे ठाऊक असूनही, हिटलरच्या जर्मनीच्या स्वाधीन केले. तिची कन्या बर्लिनच्या तुरुंगात जन्मली. १९४२ मध्ये ओल्गाला विषारी वायूने ठार करण्यात आले.

आणि १९४५ मध्ये? मुक्त झालेल्या प्रेस्तेस यांनी त्याच व्हार्गास यांना पाठिंबा दिला. महायुद्धात व्हार्गास आणि सोव्हिएत संघ एकाच बाजूला होते. धोरण बदलले होते. ज्याच्या पत्नीचा बळी गेला, त्याने वैयक्तिक दुःख गिळले, याला कोणी त्याग म्हणेल. पण हा त्याग नेमका कोणासाठी होता?

त्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला सुमारे १० टक्के मते पडली. प्रेस्तेस सिनेटवर गेले. विख्यात कादंबरीकार जॉर्ज अमादो यांच्यासह १४ जण प्रतिनिधिगृहात पोहोचले. जनतेत मुळे धरण्याची ही संधी होती. १९४७ मध्ये न्यायालयाने पक्षाची मान्यता रद्द केली, तेव्हा परकीय निष्ठेचा आक्षेप खोडून काढणे पक्षाला जमले नाही. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनचे अपराध उघड करताच रिओतील श्रद्धाही कोसळल्या. १९६२ मध्ये पक्ष दुभंगला. एका गटाने मॉस्को धरले, दुसऱ्याने पेकिंग. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर पेकिंगवाद्यांनी माओच्या मार्गाने अरागुआया नदीच्या जंगलात काही डझन तरुण पाठविले. १९७२ ते १९७४ दरम्यान लष्कराने त्यांना जवळजवळ संपविले. पकडलेल्यांनाही ठार केले गेले आणि बहुतेकांचे मृतदेह त्यांच्या मातापित्यांना कधीच मिळाले नाहीत. लष्कराचे ते क्रौर्य अक्षम्यच होते. परंतु त्या मुलांना तेथे धाडणाऱ्या नेत्यांनी माओंच्या मृत्यूनंतर चीनलाही सोडले आणि अल्बानियाची तिराना ही नवी काशी मानली!

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. पुढच्याच वर्षी मूळ पक्षातील बहुमताने कम्युनिस्ट हे नावच टाकून दिले. अल्पमताने ते जपले. प्रेस्तेस हे पाहण्यास नव्हते; १९८० मध्ये पक्षनेतृत्वाशी फारकत घेऊन १९९० मध्ये ते निवर्तले होते.

या इतिहासात धैर्याची वाण कोठेच नव्हती. वाण होती ती स्वतःच्या भूमीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची. २५ हजार किलोमीटर चालून प्रेस्तेस यांनी जो ब्राझील पाहिला, तोच पुढे परक्यांच्या नकाशात हरवला. त्याची किंमत ओल्गा, एल्झा आणि अरागुआयाच्या तरुणांनी मोजली. नकाशे काढणाऱ्यांनी नव्हे.